आमच्या बेलबॉटम गेल्या कुठे?

संमेलनाच्या पहिल्या संध्याकाळी सर्वांनी सत्तरच्या दशकातला पोशाख करून यावं, असं समितीनं सुचवलं आणि १९७६ च्या दहावीच्या आमच्या तुकडीत शोधाशोध सुरू झाली. कपाटं उपसली, माळे झाडले. हाती लागलं काय, तर आईचा शालू, एक-दोन नायलॉनच्या साड्या आणि वडिलांचा लग्नातला कोट. रोज अंगावर असायचे ते कपडे कुणाकडेच नव्हते. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला त्या न सापडलेल्या कपड्यांचंच कुतूहल वाटलं.

उत्तरासाठी दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जावं लागतं. तेव्हा आपल्या गिरण्या लष्करासाठी कापड विणत होत्या. बाजारात टंचाई आणि काळाबाजार. १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. १९४८ मध्ये ते उठवलं, भाव भडकले, आणि त्याच वर्षी पुन्हा लावावं लागलं. मधल्या काळात, फेब्रुवारी १९४७ मध्ये, पॅरिसला ख्रिस्तियाँ दिओरनं एकेकाला कित्येक वार कापड लागणारे घेरदार झगे मांडले आणि जगभर गाजावाजा झाला. पण लंडनमध्येही कपड्यांचं रेशनिंग १९४९ पर्यंत चालूच होतं. आमच्या घरी आजी दोन विरलेल्या लुगड्यांचे धड भाग दांड घालून जोडायची आणि तेच एक लुगडं आणखी वर्षभर नेसायची. आई नऊवारीवरून पाचवारी पातळावर आली, ती आवड म्हणून, आणि चार वार कापड वाचतं म्हणूनही. टंचाई संपली तरी दांड घालणारा तो हात आमच्या घरांतून गेला नाही.

मग आलं न विरणारं कापड. टेरिलिनचा शोध १९४१ साली इंग्लंडमध्ये लागला होता, पण ते सर्वसामान्यांपर्यंत पोचलं युद्धानंतर. आपल्या उपनगरांशीही या नव्या धाग्याचं नातं आहे. निर्लॉन कंपनी १९५८ साली स्थापन झाली आणि तिच्या गोरेगावच्या कारखान्यात नायलॉनचं सूत निघू लागलं. मुलुंडच्या चाळीत राहिलेल्यांना या कापडाचं मोल वेगळं सांगायला नको. जुलैच्या पावसात सुती सदरा दोन दिवस वाळत नसे. टेरिकॉटचा शर्ट रात्री पिळून दोरीवर टाकला की सकाळी घालता येई. इस्त्रीचे पैसे वाचत. घामानं जीव नकोसा होई, ते आपण सोसलं.

घाट मात्र सिनेमानं शिकवला. 'वक्त'मधला (१९६५) साधनाचा चुडीदार आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी घडवला होता. पुढे १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. १९७३ च्या 'बॉबी'नंतर ठिपक्यांचे कपडे सगळीकडे दिसू लागले. पाच रस्त्याजवळच्या आमच्या शिंप्याला सिनेमाला जावंच लागे, कारण गिऱ्हाईक माप देताना हिरोचं नाव सांगे. शाळेत खाकी आणि पांढरं. रविवारी मात्र कुणाची मोहरी किती इंच, यावर पैजा लागत.

हे सगळं गेलं कुठे? सुती कपड्याला आपण मरेपर्यंत सोडलं नाही. पातळाची दुपटी झाली, मग गोधडी, मग लादी पुसायचं फडकं. टेरिकॉट फाटतच नसे, म्हणून ते बोहारणीकडे गेलं. दुपारी दारात तिची आणि आईची घासाघीस चाले. तीन पँटी आणि एक साडी दिली तरी झाकणाचा डबा मिळवायला अर्धा तास लागे. तिनं नेलेले कपडे दुरुस्त होऊन जुन्या बाजारात विकले जात आणि आणखी कुणाच्या तरी अंगावर चढत. माझी चॉकलेटी बेलबॉटम आजही घरात आहे. तिच्यात पोहे असतात.

आता जुन्या कपड्यांना 'व्हिंटेज' म्हणून मान आहे. माझी मुलगी आजीची नायलॉनची साडी नेसून ऑफिसला जाते. म्हणते, अशी दुसऱ्या कुणाकडे नाही. मला त्याचा आनंदच आहे. पण टिकलेल्या वस्तूंवरून काळ ओळखू गेलं तर फसगत होते. शालू आणि नायलॉन पाहून वाटेल की ते दिवस चकचकीत होते. त्या काळाचं खरं कापड गिरणीचं सुती, आणि ते आपण वापरून संपवलं.

ते विणणारेही नजरेआड झाले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यातले पुष्कळसे पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे. आपल्या वर्गातल्या एका मित्राचे वडील त्या संपात होते. त्याच्याकडे अडीच वार पॉपलिन आहे, वडिलांनी गिरणीतून आणलेलं, कधीच न शिवलेलं. काठावर गिरणीचा शिक्का अर्धवट वाचता येतो. संमेलनासाठी त्याचा शर्ट शिव, असं आम्ही सुचवलं. तो म्हणाला, "कात्री लावली की तो शर्ट होईल. आत्ता ते बाबांचं काम आहे."

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, शालू जपालच, पण घरातल्या गोधड्याही एकदा उलगडून बघा. कोणता तुकडा कुणाच्या पातळाचा, कुठल्या साली घेतलेला, कुणी शिवला, हे सांगणारं माणूस अजून असेल तर विचारून घ्या आणि कागदावर लिहून गोधडीच्या घडीत ठेवा. कुणाच्या घरी गिरणीच्या शिक्क्याचं कापड निघालं, तर संमेलनाला जरूर आणा. शाळेच्या हॉलमध्ये त्यासाठी एक टेबल मांडायचं मी समितीकडून कबूल करून घेतलं आहे.