बंद यंत्राची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. आणि भातापुरते ते खरेही आहे. पण ज्या यंत्राला स्मरण आहे, त्याला हा न्याय लागू पडत नाही. एकाच प्रश्नाला ते आज एक उत्तर देईल, उद्या दुसरे. कारण मधल्या काळात त्याला काय काय विचारले गेले, यावर त्याची अंतःस्थिती ठरते. जुने सॉफ्टवेअर हे असेच यंत्र होय. लिहिणारे निवृत्त झालेले, टिपणे गहाळ झालेली, आणि कारखान्याचा सारा कारभार मात्र त्यावरच विसंबलेला! अशा यंत्राचा स्वभाव ओळखावा कसा?

या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी एडवर्ड मूर या अमेरिकन गणितज्ञाने १९५६ साली केली. पेटी उघडायची नाही. बाहेरून कळा दाबायच्या आणि येणारी उत्तरे टिपायची, एवढीच मुभा. मूरने दाखवून दिले, की कितीही प्रयोग केले तरी त्या सर्वांना तीच उत्तरे देणारे, पण वस्तुतः निराळे असे यंत्र कल्पिता येते. अंतःस्थितींच्या संख्येला मर्यादा मानली, तरच वाट सापडण्याची आशा.

पुढे १९८७ साली डॅना अँग्लुइन या विदुषीने शिकण्याची रीत सांगितली. प्रश्न दोनच प्रकारचे : ‘अमुक क्रमाने कळा दाबल्या तर काय होईल?’ आणि ‘मी रेखाटलेला नकाशा बरोबर आहे काय? नसेल तर चूक दाखव.’ पहिल्याचे उत्तर यंत्र स्वतःच देते. दुसऱ्याचे देणारा व्यवहारात कोणी नसतो. तेथे पुष्कळशा चाचण्यांवरच भागवावे लागते.

या रीतीचा उपयोग फिलिप्स कंपनीत झाला. तेथील वीजनियंत्रणाचा एक जुना सॉफ्टवेअर-घटक नव्याने लिहावयाचा होता. फ्रिट्स वांद्रागर प्रभृती संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार, जुन्या व नव्या दोहोंचे नकाशे चाचण्यांतून तयार केले गेले, ते ताडून पाहिले गेले, आणि प्रश्नांची व्याप्ती हळूहळू वाढवीत शिकलेले वर्तन जुळेपर्यंत दुरुस्त्या झाल्या.

असे नकाशे जुळले म्हणून यंत्रे सर्वस्वी एकच ठरली काय? नाही. न विचारलेल्या प्रश्नाबद्दल नकाशा केवळ अंदाज सांगतो. म्हणून त्याच्या भरवशावर जुने यंत्र मोडीत काढणाऱ्याने, काय विचारले याबरोबरच काय विचारावयाचे राहिले, याचीही नोंद ठेवली पाहिजे.