येरवड्याला धाडा

आमच्या इंदापूर-बारामतीकडे 'याला येरवड्याला धाडा' हे भांडणातलं ठेवणीतलं वाक्य. वर्गात पोरं एकमेकांना म्हणायची आणि मीही हसायचो. १९७४ साली चुलतभावाला खरंच तिथल्या मनोरुग्णालयात न्यायची वेळ आली. नुकताच नोकरीला लागलो होतो.

कायदा इंग्रजांचा, १९१२ चा. त्यात आजाऱ्याला शब्द होता 'ल्युनॅटिक'. बळेच दाखल करायचं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. काकू कोर्टाच्या व्हरांड्यात त्याचा हात धरून बसली होती. शेजारी बेडी घातलेला एक चोर. त्याने विचारलं, "ह्यानं काय केलंय?" काकू गप्प.

तो कायदा १९९३ च्या एप्रिलपर्यंत चालला. संसदेने १९८७ मध्येच नवा केला होता, पण लागू व्हायला सहा वर्षं! २०१७ च्या कायद्याने रुग्णाला हक्क दिले. असो.

घरच्यांचं मात्र कोण ऐकणार? ते ऐकलं डॉ. जगन्नाथ वाणींनी. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक, पत्नीला स्किझोफ्रेनिया. त्यांनी पुण्यात 'सा' म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे रुग्णांचे नातेवाईक एकमेकांशी मोकळं बोलू लागले. २००४ च्या 'देवराई' चित्रपटामागेही वाणीच होते. त्यात बहीण आजारी भावाला आपल्या घरी आणते.

पुढे तो टीव्हीवर लागला तेव्हा काकूला मुद्दाम दाखवला. शेवटपर्यंत पाहिला तिने. मग म्हणाली, "चांगलाय रे. पण कोर्टाचं कुठं दाखवलंय?"