जुना कॉम्प्युटर 'नेटवर्क'मध्ये दिसत नाही? फायरवॉल बंद करण्याआधी हे सात टप्पे तपासा

विलेपार्ले पूर्वेला हनुमान रोड, नेहरू रोड, दीक्षित रोड या भागात फिरलात, तर जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहताना दिसतात. अशा जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर सीएंची ऑफिसं, दवाखाने, क्लासेस असतात. इमारत पुनर्विकासाला गेली की ऑफिस काही वर्षांसाठी भाड्याच्या फ्लॅटमध्ये हलतं. टेबलं जातात, फायली जातात, दहा-पंधरा वर्षं जुने कॉम्प्युटरही जातात. आणि नव्या जागेत पहिल्याच दिवशी कुणीतरी ओरडतं, "अहो, त्या मशीनवरचा डेटा इथून उघडतच नाहीये!"

मग कुणीतरी सल्ला देतं, "फायरवॉल बंद करून बघा." कधीकधी त्याने काम होतंही. पण सगळ्या पक्षकारांचे हिशेब ज्या मशीनवर आहेत, त्याचं दार आपण सताड उघडं टाकलंय, हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

खरं तर छोट्या नेटवर्कचा बिघाड बहुतेक वेळा साध्या ठिकाणी असतो. वायर, नंबर, नाव किंवा पासवर्ड. खालून वर, एकेक पायरी चढत गेलं, तर तंत्रज्ञ नसलेल्या माणसालाही तो सापडतो.

आधी एक घोळ मिटवूया: लॅन म्हणजे इंटरनेट नाही

एकाच जागेतले कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकमेकांना जोडले, की झालं लोकल एरिया नेटवर्क, म्हणजेच लॅन. त्याला बाहेरच्या इंटरनेटची गरज नसते. बाहेरची लाइन बंद असली, तरी शेजारच्या टेबलावरची फाइल उघडायला हवी.

हा फरक समजायला पार्ल्याच्या शेजारचंच उदाहरण आहे. जुहूला एनसीएसटी ही सरकारी संस्था होती. १९८६-८७ च्या सुमारास तिथून पवईच्या आयआयटीशी टेलिफोन लाइनवरून ईमेलची देवाणघेवाण झाली. भारतातल्या इंटरनेटच्या इतिहासातला हा अगदी सुरुवातीचा टप्पा मानला जातो. दोन संस्थांना जोडणारी ती टेलिफोन लाइन म्हणजे 'बाहेरचं' नेटवर्क. आणि एका इमारतीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात, ते 'आतलं' नेटवर्क.

म्हणून पहिली चाचणी सोपी आहे. प्रिंट निघते पण वेबसाइट उघडत नाही? मग इंटरनेट कंपनीला फोन करा. वेबसाइट उघडते पण शेजारची फाइल उघडत नाही? मग बिघाड तुमच्याच घरात आहे. पुढे वाचा.

टप्पा १: बॅकअप आणि वही

काहीही हलवण्याआधी जुन्या मशीनवरचा महत्त्वाचा डेटा पेनड्राइव्हवर किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. जुनी हार्ड डिस्क हलवाहलवीनंतर कधी दगा देईल सांगता येत नाही. नेटवर्क दुरुस्त होतं, गेलेला डेटा परत येईलच असं नाही.

मग एक वही घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. उपयोग झाला नाही, तर तो बदल मागे घ्या. एकदम पाच गोष्टी बदलल्या, की नेमकं कशाने जमलं हे कळत नाही आणि कशाने बिघडलं तेही कळत नाही.

टप्पा २: वायर आणि दिवा

कॉम्प्युटरच्या मागे जिथे नेटवर्कची केबल लागते, तिथे छोटा दिवा असतो. स्विचवरही प्रत्येक पोर्टला असतो. दोन्ही मशीन चालू असताना दिवा लागत नसेल, तर विंडोजमध्ये शोधण्यात अर्थ नाही. या क्रमाने बघा:

- केबल काढून पुन्हा 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा. प्लगची प्लास्टिकची खिटी तुटली असेल, तर केबल हळूहळू बाहेर सरकते.
- स्विचवरचं दुसरं पोर्ट वापरून बघा.
- चालू असलेल्या मशीनची केबल या मशीनला लावून बघा.
- स्विचचा ॲडॉप्टर बघा. ऑफिस हलवताना राउटरचा ॲडॉप्टर स्विचला लागणं अगदी सहज होतं. पिन बसते, पण व्होल्टेज वेगळं असतं. दोन्हींवर छापलेले आकडे जुळवून बघा.

मुंबईच्या पावसाळ्यात दमट भिंतीलगतच्या केबलचे तांब्याचे टोक काळवंडतात. उंदीर कुरतडतात ते वेगळंच. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएस वेगाला त्यातल्या चारच लागतात, गिगाबिटला आठही. त्यामुळे एखादी तार तुटली, तरी नेटवर्क चालू राहू शकतं, पण हळू. एका सलग केबलची कमाल मर्यादा १०० मीटर, हेही लक्षात ठेवा.

अचानक सगळंच ऑफिस ठप्प झालं असेल, तर एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली आहेत का, ते बघा. साध्या स्विचमध्ये त्याने माहितीचं गोल गोल चक्र सुरू होतं आणि सगळेच अडकतात.

खूप जुन्या मशीनमध्ये लॅन कार्ड वेगळं बसवलेलं असतं. वाहतुकीत ते सैल होतं. प्लग काढून, मशीन पूर्ण बंद करून ते नीट दाबून बसवा.

टप्पा ३: आयपी नंबर

नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला एक नंबर असतो, तो आयपी ॲड्रेस. तो बघायला स्टार्ट मेनूतून 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा. समोर येणाऱ्या नंबरवरून बरंच कळतं:

- १९२.१६८ ने सुरू होणारा नंबर: बहुतेक छोट्या ऑफिसांत हाच असतो. दोन्ही मशीनच्या नंबरातले पहिले तीन आकडे सारखे हवेत आणि शेवटचा वेगळा.
- १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर: मशीनने नंबर मागितला, पण कुणी दिलाच नाही. म्हणून विंडोजने स्वतःच एक घेतला. राउटर बंद आहे किंवा केबल तिथवर पोचत नाही.
- जुन्या जागेतला नंबर: पूर्वी कुणीतरी नंबर हाताने भरून ठेवला असेल, तर नव्या राउटरशी तो जुळत नाही. नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये तो 'आपोआप' वर ठेवा.

दोन मशीनना एकच नंबर मिळाला, तर कधी हे चालतं, कधी ते. 'कधी चालतं, कधी नाही' अशी तक्रार असेल, तर आधी हाच संशय घ्या.

टप्पा ४: एकाच घरात दोन राउटर

भाड्याच्या फ्लॅटमध्ये आधीपासून इंटरनेट कंपनीचा राउटर असतो. तुम्ही जुन्या ऑफिसातला स्वतःचाही लावता. इथे दोन वेगवेगळे घोटाळे होतात.

तुमचा राउटर 'वॅन' पोर्टने जोडला, तर त्याच्यामागे वेगळंच नेटवर्क तयार होतं. इंटरनेट सगळीकडे चालतं, पण एका राउटरवरच्या मशीनला दुसऱ्यावरचे प्रिंटर आणि फायली सहसा दिसत नाहीत. 'लॅन' पोर्टने जोडला, तर दोन्ही राउटर नंबर वाटू लागतात आणि गोंधळ होतो.

उपाय असा: नंबर वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, एकाच राउटरकडे ठेवा. दुसऱ्याचं डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा नंबर वेगळा करा आणि तो 'लॅन' पोर्टने जोडा. शिवाय लॅपटॉप 'गेस्ट' वायफायवर असेल, तर त्याला आतली मशीन सहसा दिसू दिली जात नाहीत. तो मुख्य वायफायवर घ्या.

टप्पा ५: पिंग, म्हणजे हाक मारून बघणं

त्याच काळ्या खिडकीत 'पिंग' हा शब्द, एक जागा आणि मग नंबर टाइप करा. क्रम महत्त्वाचा आहे:

१. १२७.०.०.१. हे स्वतःलाच हाक मारणं. उत्तर आलं नाही, तर या मशीनचंच नेटवर्क सॉफ्टवेअर बिघडलंय.
२. राउटरचा नंबर. 'आयपीकॉन्फिग'मध्ये तो 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसतो. उत्तर आलं, तर वायर आणि स्विच ठीक आहेत.
३. समोरच्या मशीनचा नंबर.

शेवटच्या हाकेला 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं आलं, तर ते मशीन बंद आहे किंवा वेगळ्या नेटवर्कवर आहे. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, तर मात्र घाई करू नका. समोरच्या मशीनची फायरवॉल पिंगला मुद्दाम उत्तर देत नसेल आणि फाइल शेअरिंग तरीही चालू असेल.

टप्पा ६: नाव की नंबर?

'नेटवर्क'च्या यादीत मशीन दिसत नाही, म्हणजे ते पोचण्यापलीकडे आहे असं नाही. ही यादी बनवण्याची जुनी आणि नवी पद्धत वेगळी आहे, त्यामुळे जुनं मशीन नव्या विंडोजच्या यादीत अनेकदा येतच नाही.

म्हणून फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा टाकून समोरच्या मशीनचा नंबर लिहा आणि एंटर दाबा. फोल्डर उघडले, तर बिघाड फक्त नावाचा आहे. त्या मशीनला राउटरमध्ये कायमचा एकच नंबर राखून ठेवा, डेस्कटॉपवर शॉर्टकट बनवा आणि कामाला लागा.

दोन मशीनची नावं सारखी नाहीत ना, आणि वर्कग्रुप एकच आहे ना, तेही बघा. विंडोज एक्सपी होम आपल्या वर्कग्रुपचं नाव 'एमएसहोम' ठेवायचं, तर एक्सपी प्रोफेशनल 'वर्कग्रुप'. यादी न दिसण्यामागे हे एक जुनं कारण आहे.

टप्पा ७: पासवर्ड आणि परवानगी

मशीन सापडलं, पण आत घेत नाही? मग ही कारणं बघा:

- पासवर्डच नाही. ज्या अकाउंटला पासवर्ड नाही, त्याने नेटवर्कवरून लॉगिन करू द्यायचं नाही, असा विंडोजचा मूळ नियम आहे. जुन्या मशीनवर पासवर्ड ठेवा आणि तोच इथून द्या.
- परवानगी अर्धीच दिली. फोल्डर शेअर करताना एक परवानगी असते आणि 'सिक्युरिटी' टॅबमध्ये दुसरी. दोन्हीकडे 'हो' हवं.
- नेटवर्कचा प्रकार. नवीन जागेत नवा राउटर आला, की विंडोज त्याला 'पब्लिक' समजून शेअरिंग बंद ठेवू शकतं. विंडोज ७ मध्ये ते 'वर्क' किंवा 'होम' करा, विंडोज १० आणि ११ मध्ये 'प्रायव्हेट'. लोक फायरवॉल बंद करतात, तेव्हा बऱ्याचदा खरा उपाय एवढाच असतो.
- जागा भरली. एक्सपी प्रोफेशनलला एका वेळी १० जण जोडता येतात, एक्सपी होमला ५, विंडोज ७ ला २०. त्यापुढच्याला नकार मिळतो.

आणि जुन्या मशीनची तारीख बघा. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली, की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग वेबसाइट सुरक्षेच्या कारणाने उघडत नाहीत आणि दोष नेटवर्कला मिळतो.

जुनं एक्सपी आणि नवं विंडोज: इथे मात्र थांबा

सगळं तपासलं, तरी एक्सपीचं मशीन आणि नवं विंडोज बोलत नाहीत? मग कारण भाषेचं आहे. फायली देण्याघेण्यासाठी एक्सपीला एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती येते. दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टापासून आली. २०१७ च्या अखेरच्या अपडेटपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये पहिली आवृत्ती मुळात बसवलीच जात नाही.

'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन तिच्यासमोर टिक करा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. टिक करण्याआधी २०१७ मध्ये काय झालं ते वाचा.

त्या वर्षी १२ मे रोजी 'वॉनाक्राय' पसरला. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या एका दोषातून तो कुणी क्लिक न करताही एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचा. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य मशीनवर ती बसवलेली नव्हती. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि हाच दोष व चोरलेले पासवर्ड वापरून नेटवर्कभर पसरला. मर्स्क कंपनीच्या यंत्रणा कोलमडल्या आणि त्याची झळ थेट उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलला बसली. कंटेनरचं काम विस्कळीत झालं.

बंदराकडे निदान मोठी टीम होती. चार टेबलांच्या ऑफिसात त्या जुन्या मशीनवरची प्रतच एकमेव असते.

मग करायचं काय?

- एक्सपीची सुरक्षा मदत ८ एप्रिल २०१४ ला संपली. ते मशीन इंटरनेटपासून पूर्ण तोडा. डेटा पेनड्राइव्हने काढा आणि नव्या मशीनवर अँटिव्हायरसने तपासून घ्या.
- जुना प्रोग्रॅम फक्त एक्सपीवरच चालत असेल, तर त्याला वेगळा स्विच आणि हवा तर वेगळा प्रिंटर द्या. राउटरला तो स्विच जोडू नका.
- विंडोज ७ ला दुसरी आवृत्ती येते, म्हणून त्याच्यासाठी पहिली सुरू करायची गरजच नाही. मात्र त्याची मदतही १४ जानेवारी २०२० ला संपली आहे. त्यावर ईमेल आणि बँकेची कामं करू नका.
- जुनं स्कॅनर मशीन थेट फोल्डरमध्ये फाइल पाठवण्यासाठी पहिली आवृत्ती मागत असेल, तर स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या.
- आधीच कुणी ती टिक केली असेल, तर काढून टाका. फायरवॉल बंद असेल, तर आजच चालू करा.

तंत्रज्ञाला बोलावताना

'नेट चालत नाही' एवढंच सांगू नका. तीन गोष्टी सांगा: दिवा लागतो का, आयपी कोणता दिसतो, आणि राउटरला पिंग केल्यावर काय येतं. वही दाखवा. तो फायरवॉल बंद करून निघाला, तर "ती चालू ठेवून करून द्या" म्हणा. फायरवॉलमध्ये फक्त फाइल शेअरिंगला परवानगी देता येते, ते दोन मिनिटांचं काम आहे.

ऑफिस हलवायचं बाकी असेल, तर आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा: स्विचच्या मागच्या केबल, प्रत्येक ॲडॉप्टर आणि प्रत्येक मशीनच्या 'आयपीकॉन्फिग'चा पडदा. नव्या जागेत पहिल्या सकाळी हेच फोटो सगळ्यात जास्त कामाला येतील.