लिस्बनमधली रविवारची शाळा

हक्क कुठं शिकवतात? आपल्याकडं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात. तो धडा मास्तर परीक्षेच्या तोंडावर एका तासात उरकून टाकतात. मी इथं दुसऱ्याच एका शाळेबद्दल लिहितोय. ती पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला भरायची. आफ्रिकेतनं शिकायला आलेली पोरंच तिथं एकमेकांची मास्तर होती.

ती तिथं आली कशी? अंगोला, मोझांबिक, गिनी, केप व्हर्द, साओ तोमे या पोर्तुगालच्या वसाहती. १९६२ पर्यंत यातल्या एकाही ठिकाणी विद्यापीठ नव्हतं. डॉक्टर व्हायचं तर मालकाच्या देशात जायचं. सालाझारच्या सरकारच्या आशीर्वादानं १९४४ साली लिस्बनमध्ये या पोरांसाठी संस्था निघाली. नाव, 'साम्राज्याच्या विद्यार्थ्यांचं घर'. गोव्याची, मकावची पोरंही तिच्यात होती. सरकारचा हिशेब सरळ होता : एका छपराखाली ठेवली की नजरेखाली राहतील, साम्राज्याचे गोडवे गातील. पण एका छपराखाली निजणारी पोरं रात्री काय बोलतात, हे बोर्डिंगात राहिलेल्याला मी काय सांगू!

पोर्तुगीज कायद्यानं अंगोला, मोझांबिक आणि गिनीतला काळा माणूस दोन जातींत वाटला होता. एक 'इंडिजेना', म्हणजे रानटी देशी. दुसरा 'आसिमिलादो', म्हणजे सुधारलेला. सुधारल्याचा दाखला पाहिजे तर पोर्तुगीज नीट बोलता यावी, कमाई असावी, चालचलणूक चांगली असावी. आणि हे ठरवणार कोण? सरकारी साहेब. अंगोलात १९५० साली शंभरातल्या एका आफ्रिकी माणसाकडंही हा दाखला नव्हता. उरलेल्यांना नागरिकत्व नाही. सक्तीची मजुरी मात्र होती. केप व्हर्दच्या आणि गोव्याच्या माणसाला हा कायदा लागू नव्हता, ते कागदोपत्री नागरिक. म्हणजे उतरंडच की! बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती समुद्रापलीकडं अशी कायद्यात लिहून ठेवलेली होती.

आता गोम बघा. लिस्बनपर्यंत पोचलेली पोरं बहुतेक उतरंडीच्या वरच्या मडक्यांतली. अमिल्कार काब्राल गिनीत जन्मला, पण आईबाप केप व्हर्दचे; १९४५ साली शेतीशास्त्र शिकायला आला. आगोस्तिन्यो नेतो अंगोलातल्या मेथॉडिस्ट पाद्र्याचा मुलगा, डॉक्टरीला. मारियो द आंद्राद भाषा शिकणारा. आल्दा एस्पिरितो सांतो साओ तोमेची. पोर्तुगालचा इतिहास यांना शाळेत घोकून घेतलेला, स्वतःच्या मुलखाचा मात्र पत्ता नाही. १९५१ साली आल्दाच्या नातेवाइकांच्या बिऱ्हाडी यांनी 'आफ्रिकी अभ्यास केंद्र' काढलं. दर रविवारी बसायचे. आंद्राद आफ्रिकेतल्या भाषांवर बोलायचा, फ्रान्सिस्कु तेनरेइरु भूगोलावर, काब्राल जमिनीवर आणि पिकांवर. मनाचं पुन्हा आफ्रिकीकरण, असं काब्राल त्याला म्हणत असे. मला यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की मिळालेली वरची पायरी ही पोरं आपण होऊन सोडायला बसली होती.

फेब्रुवारी १९५३ मध्ये साओ तोमेत काय झालं? तिथले 'फोर्रु' लोक मळ्यावर राबायला तयार नव्हते. ते काम अंगोलातनं, मोझांबिकमधनं आणलेल्या करारी मजुरांचं, आपलं नव्हे, अशी त्यांची समजूत. गव्हर्नर गोर्गुल्योनं त्यांच्यावर बंदुका चालवल्या. बातेपाची कत्तल म्हणतात तिला. शेकडो मेले. आल्दा तेव्हा बेटावर परतलेली होती. पायरी वरची असली तरी गोळी चुकत नाही.

आणि जगात तेव्हा काय चाललं होतं? १९४८ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा झाला. पोर्तुगालनं १९५१ साली घटना दुरुस्त करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' करून टाकलं, आणि १९५५ साली संयुक्त राष्ट्रांत शिरल्यावर वर तोंड करून सांगितलं, आमच्याकडं वसाहत नाहीच. वस्तीची पाटी बदलली की नळाला पाणी येत नाही, हे आपल्याला सांगायला नको! डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पोर्तुगालच्या वसाहतींची यादीच ठरावात घातली. तिच्यात गोवाही होतं.

पुढचं थोडक्यात. १९६१ साली शंभरेक विद्यार्थी चोरून पोर्तुगालबाहेर निसटले. १९६५ साली ते 'घर' पोलिसांनी बंद केलं. काब्रालला जानेवारी १९७३ मध्ये कोनाक्रीत गोळ्या घातल्या. गिनीचं स्वातंत्र्य त्याच वर्षी जाहीर झालं. ते त्यानं पाहिलं नाही.

नेतोचं मात्र थांबून सांगितलं पाहिजे. मे १९६१ मध्ये लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये विसरलेल्या कैद्यांवर जो लेख आला आणि ज्यातून अॅम्नेस्टी इंटरनॅशनल उभी राहिली, त्यात नेतोचं नाव होतं. हाच नेतो १९७५ साली अंगोलाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. २७ मे १९७७ ला त्याच्याच पक्षातल्या एका गटानं उठाव केला. त्यानंतर सरकारनं हजारो माणसं मारली, कित्येकांचा उठावाशी संबंधही नव्हता. आपल्या बाजूचा माणूस म्हणून हे झाकायचं असं काही जण म्हणतील. मी झाकणार नाही. २०२१ साली अंगोलाच्या राष्ट्राध्यक्षांनी या हत्यांबद्दल जाहीर माफी मागितली. मारलेल्यांच्या घरच्यांना मृत्यूचे दाखले द्यायला त्याच वर्षी सुरुवात झाली.