नवा खुबा आणि आपली बैठक

बंडीचा आस कुरकुरू लागला की आपण काय करतो? बैल थांबवतो, चाक काढतो आणि ओंगण घालतो. पण माणसाचाच आस कुरकुरू लागला तर? आपल्या शरीरातही असा एक आस आहे. धडाचा सारा भार पायांवर उतरवणारा सांधा, म्हणजे खुबा. शाळेच्या पुस्तकात त्याला उखळीचा सांधा म्हणतात, आणि ते नाव अगदी चपखल आहे. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा तिच्यात बसतो, आणि दोहोंवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. हा थर झिजला किंवा गोळ्याचे हाडच ढासळले, की पाऊल टाकताना जीव कळवळतो. आज असा सांधा काढून त्या जागी नवा बसवता येतो. या नव्या खुब्याचा थोडा इतिहास सांगावा, आणि तो आपल्या घरात आल्यावर पुढे काय होते तेही पाहावे, असा आजचा विचार आहे.

हा म्हातारपणाचा प्रश्न आहे, असे पुष्कळांना वाटते. आपल्या भागात ते पुरते खरे नाही. विदर्भात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. आईबाप दोघांकडूनही त्याचा दोष आला, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील लोकांत आढळला. १९५८ साली शुक्ला व सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी आपल्या प्रदेशातील त्याची माहिती लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. या आजारात खुब्याच्या गोळ्याला रक्त पोहोचेनासे होते. पाण्यावाचून झाड वाळावे तसे ते हाड मरते आणि चेपते. म्हणून केळापूर, घाटंजी, झरी जामणी या भागांत विशी-तिशीतला तरुणही लंगडताना दिसला, तर त्याचे कारण खुब्यात असू शकते.

गुरुजनांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खुब्याचे दुखणे पुष्कळदा जांघेत नाही, तर गुडघ्यात जाणवते. वर्गातले पोर गुडघा धरून बसत असेल, खेळाच्या तासाला मागे राहत असेल, तर ते ढोंग करते असे म्हणू नये. त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. वेळीच कळले तर मूळचा खुबा वाचवण्याचे प्रयत्न तरी करता येतात.

आता इतिहासाकडे वळू. १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये ग्लुक नावाच्या शस्त्रवैद्याने हस्तिदंताचे सांधे करून बसवले. रोगजंतूंपुढे ते टिकले नाहीत. १९२३ साली अमेरिकेत बोस्टन येथे स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या गोळ्यावर काचेची वाटी घातली. काच गुळगुळीत खरी, पण भाराखाली ती फुटे. १९३८ पासून त्यांनी मिश्रधातूची वाटी वापरली. १९४६ साली पॅरिसमध्ये ज्यूदे बंधूंनी प्लास्टिकचा गोळा बसवायला सुरुवात केली. अशा एका रोग्याचा खुबा इतका कुरकुरे, की तो जेवणाच्या टेबलावर पुढे वाकला म्हणजे त्याची बायको खोलीतून उठून जाई!

ही कुरकुर ऐकून एक इंग्रज शस्त्रवैद्य विचारात पडला. त्याचे नाव जॉन चार्नली. लंकाशायरमधील राइटिंग्टन येथे पूर्वी क्षयरोग्यांसाठी असलेल्या रुग्णालयात त्याने काम मांडले. सांध्यात घर्षण कमी हवे, म्हणून त्याने लहान आकाराचा, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा, पोलादी गोळा घेतला आणि त्याला टेफ्लॉनची वाटी दिली. रोगी चालू लागले, वाहवा झाली. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजले आणि त्याच्या भुकटीने आसपासचे मांस सुजले. सुमारे तीनशे रोग्यांत हे सांधे बसवून झाले होते. टेफ्लॉनचा अंगावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी चार्नलीने त्याचा तुकडा स्वतःच्या मांडीत घालून घेतला, आणि आपली चूक जगापुढे उघड मांडली.

पुढची गोष्ट आपल्या जिल्ह्याने कान देऊन ऐकावी अशी आहे. १९६२ साली एक विक्रेता राइटिंग्टनला आला. लंकाशायरच्या कापड गिरण्यांत मागांची दातेरी चाके ज्या टणक प्लास्टिकची करीत, त्याचा नमुना त्याच्याजवळ होता. चार्नलीला तो पसंत पडला नाही. पण त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने, साहेब बाहेरगावी गेलेले असताना, तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवून ठेवला. तीन आठवडे यंत्र फिरले. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, तितकेही ते प्लास्टिक झिजले नव्हते. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्याची वाटी पहिल्या रोग्याला बसवली गेली. आज जगभर बसवल्या जाणाऱ्या खुब्यांचे मूळ त्या वाटीत आहे.

लंकाशायरचे माग म्हटले की वऱ्हाडच्या माणसाला आपला कापूस आठवलाच पाहिजे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांकडे धावू लागला. आपल्या जिल्ह्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. तोही या कापसाच्या मुलखातच होता. आपल्या बायाबापड्यांनी ओणवे होऊन वेचलेल्या कापसाने ज्या प्रांताच्या गिरण्या चालल्या, त्याच प्रांतातल्या मागाच्या चाकाने पुढे माणसाच्या मोडक्या खुब्याला वाटी दिली. एवढ्यावरून त्या व्यापारात आपले जे गेले ते परत आले, असे मी म्हणणार नाही. पण धागा आहे, तो दाखवला.

मात्र एक फरक विसरून चालणार नाही. चार्नलीचा रोगी खुर्चीवर बसणारा होता. खुर्चीवर जेवायचे, उंच पलंगावर निजायचे, शौचालाही उंच भांड्यावर बसायचे. आपली बैठक जमिनीची. निंदताना उकिडवे, चुलीपुढे उकिडवे, पंगतीत मांडी घालून, शेतात परसाकडे जातानाही उकिडवे. आणि नव्या सांध्याला नेमके हेच सोसत नाही. खुबा काटकोनापलीकडे वाकला आणि त्यातच पाय आत वळला, की गोळा वाटीतून निसटण्याचे भय असते. गोळा जितका लहान, तितका तो निसटायला सोपा. म्हणून पुढे मोठे गोळे आले. त्यांतही सारे सुखाचे झाले नाही. धातूच्या वाटीत धातूचाच मोठा गोळा, अशा एका परदेशी कंपनीच्या सांध्यातून धातूचे कण अंगात पसरू लागले, आणि २०१० साली तो जगभरातून परत घ्यावा लागला. भारतातही हजारो लोकांना तो बसवला होता. म्हणून शस्त्रक्रियेचे कागद आणि सांध्याच्या क्रमांकाची चिठ्ठी सातबाऱ्याइतकी जपून ठेवावी.

माझी एक आत्या घाटंजीकडच्या एका गावात असते. खुबा बदलून ती घरी आली. वॉकर सुटला, काठी आली, दोन-तीन महिन्यांत अंगणापासून देवळापर्यंत चालू लागली. डॉक्टर खूश झाले. पण वर्षभर ती कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नाही, की लग्नाला गेली नाही. मी कारण विचारले. म्हणाली, “साऱ्या सतरंजीवर बसतात आणि मी एकटी खुर्चीवर. मी काय तहसीलदारीण आहो का?”

या उत्तरात केवढा इतिहास आहे! आपल्याकडे खुर्ची ही कचेरीतली. साहेब वर, रयत खाली. भावकीत, आणि वडिलधाऱ्यांसमोर, उंचावर बसणे म्हणजे उद्धटपणा. शस्त्रवैद्याने तिचा पाय मोकळा केला, पण मन अजून त्या खुर्चीपाशी अडून बसले होते. पुढे गावात एका लग्नात यजमानांनी शहाणपणा केला. शाळेतली मोठ्या वर्गाची चार बाकडी आणून पंगतीच्या टोकाला मांडली. गुडघे धरलेले दोन म्हातारे तिथे आधी बसले, मग एक आजी बसली, आणि त्यांच्या शेजारी आत्या बसली. कुणी मुद्दाम काही बोलले नाही. आता त्या गावात पंगतीला बाकडी लागतातच.

म्हणून रोगी घरी येण्यापूर्वी घराने तयारी करावी. खाट गुडघ्यापेक्षा थोडी उंच असावी, खोल झुलणारी बाज नको. शौचाला उंच बैठक हवी. तशी खुर्ची बाजारात मिळते, नाहीतर गावचा सुतारही करून देतो. चूल किंवा शेगडी ओट्यावर घ्यावी. काठी ज्या बाजूचा खुबा बदलला त्याच्या उलट हातात धरावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. मांडी केव्हा घालावी, की घालूच नये, हे ज्याने शस्त्रक्रिया केली त्यालाच विचारावे. सगळ्यांना एकच नियम नसतो. चालणे नेमाने वाढवावे, पण पोते उचलू नये. ताप आला, जखमेतून पाणी वाहू लागले, पोटरी सुजली किंवा पाय अचानक आखूड झाला, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि शेवटची गोष्ट. नवा खुबा बसवणे हे शस्त्रवैद्याचे काम, दोन-तीन तासांचे. माणसाला पुन्हा माणसांत बसवणे हे घराचे आणि गावाचे काम, आणि त्याला वर्ष लागू शकते. काच फुटली, टेफ्लॉन झिजले, तरी चार्नलीसारख्यांनी वाटी बदलून पाहिली. आपल्याला तर फक्त बैठक बदलायची आहे. पंगतीत एक बाकडे जास्त मांडावे, आणि शक्य तर आपणही त्यावर शेजारी जाऊन बसावे.