व्हीलचेअरची बॅटरी : मोटारीच्या बॅटरीपासून लिथियमपर्यंतचा प्रवास



गेल्या उन्हाळ्यात एका रुग्णाचा मुलगा दवाखान्यात आला. "डॉक्टर, बाबांच्या कमरेखाली लाल चट्टा आलाय, एकदा बघता का?" घरी जाऊन पाहिलं, तर ती शय्याव्रणाची म्हणजे बेडसोअरची सुरुवात होती. वडिलांना मणक्याच्या इजेमुळे स्वतःहून कूस बदलता येत नाही. त्यांची विजेवरची खुर्ची बटण दाबलं की मागे कलते आणि बैठकीवरचा भार हलतो. पण खुर्ची चार दिवस बंद होती. तीन महिन्यांपूर्वीच नव्या बॅटऱ्या टाकल्या होत्या, आणि त्या होत्या चारचाकी गाडीच्या. "मेकॅनिक म्हणाला, बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट!"

मेकॅनिकचं नेमकं काय चुकलं, हे समजून घ्यायला थोडं इतिहासात जावं लागेल.

शिसे आणि आम्ल

१८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात ठेवून पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी बनवली. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची पद्धत आणली. बॅटरीत जास्त वीज मावू लागली आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या.

पुढे पेट्रोलच्या गाड्यांनी बाजी मारली. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि बॅटरीचं कामच बदललं. आता तिला गाडी ओढायची नव्हती. काही सेकंद प्रचंड करंट देऊन इंजिन सुरू करायचं, की लगेच इंजिन तिला परत चार्ज करणार. त्यासाठी आत पातळ आणि पुष्कळ प्लेट्स लागतात.

व्हीलचेअरचं काम अगदी उलटं. तिला थोडा थोडा करंट तासन् तास हवा असतो, आणि मध्ये चार्ज करणारं कोणी नसतं. त्यासाठी जाड प्लेट्सची 'डीप सायकल' बॅटरी लागते. गाडीची बॅटरी रोज अशी खोलवर उतरवली, तर तिच्या पातळ प्लेट्स थोड्याच महिन्यांत निकामी होतात. व्होल्ट सारखे असले तरी दोघींची घडण वेगळी असते.

युद्धानंतरची खुर्ची

पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने किंवा शय्याव्रणाने दगावत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत सल्फा औषधं आणि पेनिसिलिन आलं, शुश्रूषा सुधारली आणि हे जवान जगू लागले. पण ज्यांचे हातही लुळे पडले होते, त्यांना हाताने चाक फिरवायची खुर्ची काय कामाची?

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमधले अभियंता जॉर्ज क्लाइन यांनी अशा जवानांसाठी विजेवरची खुर्ची घडवली. दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटर आणि बोटांनी हलवायची जॉयस्टिक. आजच्या खुर्च्यांचा पाया तोच आहे. १९५६ पासून अमेरिकेतल्या एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज कंपनीने विजेवरच्या खुर्च्या मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली.

एड रॉबर्ट्स यांचं उदाहरण मला फार आवडतं. १९५३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, पोलिओने त्यांचं मानेखालचं जवळपास सगळं शरीर लुळं पडलं. १९६२ साली ते कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकायला गेले. विजेवरची खुर्ची त्यांना चालवता येणार नाही, असंच सगळ्यांना वाटत होतं. मग ते प्रेमात पडले! मैत्रिणीबरोबर फिरताना मागून ढकलणारा मदतनीस नको वाटू लागला. खुर्चीचं नियंत्रण उलटं फिरवून बसवलं, तर आपल्याला ते मागे खेचून चालवता येतं, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७२ मध्ये बर्कलीत अपंगांनी स्वतः चालवलेलं स्वावलंबन केंद्र सुरू झालं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या केंद्रात खुर्च्या दुरुस्तही होत. खुर्ची बंद म्हणजे माणूस घरात बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आम्ल सांडायचं थांबलं

जुन्या बॅटरीत आम्ल पातळ असे. ते सांडे, कपडे जाळी, वरचेवर डिस्टिल्ड वॉटर घालावं लागे. १९५७ मध्ये जर्मनीतल्या ऑटो याखे यांनी आम्लाचं जेल केलं. १९७० च्या दशकात काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवणारी 'एजीएम' बॅटरी आली. या दोन्ही सीलबंद, म्हणून घरात वापरायला सोयीच्या. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. ती वजनाने खूप हलकी. १९९७ मध्ये पुढे आलेलं लिथियम आयर्न फॉस्फेट हे त्यातलं तुलनेने जास्त सुरक्षित रसायन आहे.

मग आपण काय करायचं?

१. जेल, एजीएम किंवा कंपनीने सांगितलेली लिथियम बॅटरीच घ्या. बहुतेक खुर्च्यांत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळतात. दोन्ही एकाच वेळी बदला. एक जुनी राहिली, तर ती नवीलाही लवकर खराब करते.

२. शिशाची बॅटरी वापराच्या दिवशी रात्री पूर्ण चार्ज करा. "पूर्ण उतरल्यावरच चार्ज करायची" हा समज जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांमुळे आला आहे. शिशाची बॅटरी उतरलेली ठेवली, तर प्लेट्सवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि ती कायमची 'बसते'. गावाला जाताना खुर्ची मागे ठेवायची असेल, तर पूर्ण चार्ज करूनच ठेवा.

३. उन्हात ठेवू नका. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढलं, की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं.

४. चार्जर त्याच बॅटरीचा हवा. शिशाचा चार्जर लिथियमला लावू नका. चार्जिंग मोकळ्या हवेत करा. फुगलेली, गळणारी किंवा खूप तापणारी बॅटरी लगेच वापरातून काढा.

५. विमानप्रवास असेल, तर बॅटरीचा प्रकार आणि वॉट-तास विमान कंपनीला आधीच कळवा.

६. जुनी बॅटरी भंगारात फेकू नका. शिसे विषारी असतं, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला. विक्रेत्याला परत द्या.

७. खुर्ची बंद पडलीच, तर आधी रुग्णाकडे बघा. मेकॅनिकची वाट पाहताना खुर्चीत बसलेल्याचा भार दर १५ ते ३० मिनिटांनी हलवा, अंथरुणात असेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदला. त्वचा रोज तपासा. दाबूनही न जाणारा लाल चट्टा दिसला, तर डॉक्टरांना दाखवा.

त्या काकांचा चट्टा वेळेत लक्षात आला, म्हणून पंधरा दिवसांत बरा झाला. आता खुर्चीत जेल बॅटऱ्या आहेत आणि रात्री चार्जर लावायचं काम नातीने घेतलंय. "आजोबांचे पाय चार्जिंगला लावले," असं ती सांगते. तुमच्या घरी अशी खुर्ची असेल, तर आज रात्री तिचा चार्जर लागलाय ना, एवढं जरूर बघा.