बडोदा कॅम्प आणि एक न उघडलेले दार



आपल्या बडोद्याच्या मंडळ्यांचा इतिहास सांगायचा म्हटले की सुरुवात बहुतेक फतेगंजपासून होते. जुनी माणसे अजूनही त्या भागाला ‘कॅम्प’ म्हणतात. 1802 साली गायकवाड सरकार आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात करार झाला, बडोद्यात कंपनीचा रेसिडेंट आला आणि त्याच्यामागे मुंबई फौजेच्या पलटणी आल्या. शहराच्या तटबंदीबाहेर, विश्वामित्रीच्या बाजूला त्यांची छावणी पडली. तटाच्या आत मराठी राजाचे राज्य आणि गुजराती बाजारपेठ होती. बाहेर इंग्रजांचे हे छोटेसे गाव होते, त्यात रेसिडेन्सी, बराकी, बंगले, बाजार, दफनभूमी आणि एक लहान चर्च.

मार्च 1825 मध्ये या चर्चचे समर्पण करायला बिशप रेजिनाल्ड हेबर आले. ते कलकत्त्याचे बिशप होते, पण त्या काळी त्यांचा धर्मप्रांत म्हणजे जवळजवळ अख्खा हिंदुस्थान. जून 1824 मध्ये त्यांनी कलकत्ता सोडले आणि गंगेच्या मार्गाने, मग दिल्ली व राजपुतान्यातून नऊ महिने प्रवास करत ते बडोद्याला पोहोचले. ‘होली, होली, होली’ हे त्रैक्याचे गीत लिहिणारे हेबर ते हेच. आपण ते गीत गातो तेव्हा त्याचा कवी आपल्या गावात येऊन गेला होता, हे फार थोड्यांच्या लक्षात असते.

हेबर पुढे दक्षिणेत गेले. तिथल्या मंडळ्यांत एक जुना वाद चालू होता. उच्च जातींतून आलेले ख्रिस्ती वेगळे बसत, आणि प्रभुभोजनाच्या वेळीही जातीचा क्रम पाळत. ही धर्माची बाब समजायची की नुसती समाजाची रीत? हेबर यांनी सौम्य भूमिका घेतली आणि चौकशी सुरू केली. चौकशी पुरी होण्याआधीच, 3 एप्रिल 1826 रोजी, तिरुचिरापल्लीत त्यांचा मृत्यू झाला. पुढे 1833 मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीत जातिभेद अजिबात चालणार नाही, असा स्पष्ट आदेश काढला. आदेश निघाला, पण माणसांच्या स्वयंपाकघरापर्यंत तो पोहोचायला फार वेळ लागला.

आता पुन्हा बडोद्याकडे येऊ. 1874 मध्ये कॅम्पातल्या रेसिडेन्सीत कर्नल फेअर यांना सरबतातून विष देण्याचा प्रयत्न झाला. त्या प्रकरणाची चौकशी देशभर गाजली. आयोगाचे एकमत झाले नाही, तरीही एप्रिल 1875 मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले. त्यांच्या जागी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक घेतला गेला. तेच आपले सयाजीराव महाराज. 1906 मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या. मिशनऱ्यांचे कामही याच काळात वाढले. छप्पनियाच्या, म्हणजे 1899-1900 च्या, दुष्काळात गुजरातभर मिशनांनी अनाथ मुलांना आसरा दिला. आज ज्या कुटुंबांच्या पिढ्या मंडळीत बसतात, त्यांतल्या अनेकांची सुरुवात त्या उपाशी मुलांपासून झाली आहे. हा वारसा मोठा आहे आणि तो आपण कृतज्ञतेने सांगतो.

पण याच बडोद्यात 1917 मध्ये घडलेली एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही.

सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर 1913 मध्ये अमेरिकेला गेले होते. ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि मग लंडनमध्ये शिकले. शिष्यवृत्तीच्या बदल्यात संस्थानची नोकरी करायची असा करार होता. त्याप्रमाणे सप्टेंबर 1917 मध्ये ते बडोद्यात आले आणि अकाउंटंट जनरलच्या कचेरीत रुजू झाले. वय सव्वीस. वडील सुभेदार रामजी याच इंग्रजी फौजेत आयुष्य काढलेले. इतके शिकून आलेल्या या तरुणाला शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी त्यांनी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत खोली घेतली. वर अंधार, वटवाघळे, सोबतीला कोणी नाही. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणाले.

आंबेडकरांनी हा प्रसंग स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. बडोद्यात त्यांच्या बरोबरीच्या हुद्द्यावरचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक भारतीय ख्रिस्ती. हिंदू मित्राला मनापासून वाईट वाटले, पण तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे तो बोलून गेला. मग आंबेडकर ख्रिस्ती मित्राकडे गेले. तो म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. हे नम्रपणे दिलेले नकाराचे उत्तर होते, हे आंबेडकरांना नंतर कळले. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण. ख्रिस्ती झाल्यावर नवऱ्याचे विचार मोकळे झाले, पण बायको जुन्या सोवळ्यातच राहिली होती.

दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले तास आंबेडकरांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, काढले. आपल्या कॅम्पापासून ती बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे बसून ते आईवडिलांची आठवण काढत राहिले, जशी एकटे पडलेले मूल काढते. रात्री ते गाडीत बसले आणि बडोदा सोडले. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. दरवर्षी 23 सप्टेंबरला हजारो लोक तिथे येतात.

त्या एका दारामुळे पुढचा इतिहास घडला, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. दार लावणारे फक्त आपलेच नव्हते, आणि त्या मित्राने काठी उगारली नव्हती. तरी काही गोष्टी आपण नजरेआड करू शकत नाही. 1935 मध्ये येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. ख्रिस्ती धर्माचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला, आणि बाप्तिस्म्यानंतरही जात का सुटत नाही, हा प्रश्न आपल्यापुढे ठेवला. त्या दुपारच्या अनुभवानंतर तो प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी राहिला नसणार.

पवित्र शास्त्राला हा प्रसंग अनोळखी नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 10 मध्ये पेत्र सर्व संकोच सोडून कर्नेल्याच्या घरात पाऊल टाकतो. पण गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तोच पेत्र अंत्युखियात, काही लोक आल्यावर, परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठून बाजूला होतो. त्याचा विश्वास गेला नव्हता. त्याला लोकांची भीती वाटली. आणि पौलाने तोंडावर त्याला दोष दिला, कारण त्याच्या लेखी एका पंगतीत बसणे हा सुवार्तेचाच भाग होता. ‘बायकोला विचारतो’ असे म्हणणारा तो मित्र अंत्युखियातल्या पेत्राहून फार वेगळा नव्हता.

आणि हे बदलू शकते, याची साक्षही आपल्याच मराठी मंडळीत आहे. रेव्ह. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. लक्ष्मीबाई मात्र कडक सोवळ्यातल्या होत्या. त्या बरीच वर्षे वेगळ्या राहिल्या, वेगळा स्वयंपाक करून जेवल्या. मग माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, हे त्यांना उमगले आणि त्यांनी शिवाशीव टाकून दिली. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो 1900 मध्ये. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येते की त्यांचे सोवळे आधी सुटले आणि पाण्याचा विधी नंतर झाला. घराची घडण बडोद्यातल्या त्या घरासारखीच होती, पण हे दार उघडले.

आजही बडोद्यात खानदेशातून, डांगमधून, मराठवाड्यातून मुले शिकायला आणि नोकरीला येतात. रविवारी उपासनेला येतात, मागच्या बाकावर बसतात. कोणी खोली शोधत असते. आपण आधी काय विचारतो? नाव, गाव, आणि मग जरा थांबून आडनाव? लग्नाच्या स्थळांच्या यादीत ‘ख्रिस्ती’ लिहिल्यावर पुढे आणखी काय लिहितो? मंडळीच्या प्रीतिभोजनात कोणाच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते? याकोबाचे पत्र, अध्याय 2, घरी शांतपणे वाचावे आणि हे प्रश्न कुटुंबात एकमेकांना विचारावेत, अशी नम्र विनंती.

पुढच्या वेळी मुलांना सयाजी बाग दाखवायला न्याल, तेव्हा प्राणिसंग्रहालयाबरोबर ती संकल्पभूमीची जागाही दाखवा. तिथे त्यांना ही गोष्ट सांगा, आपल्या भागासकट सांगा.

प्रार्थना: हे प्रभू, बेथलेहेमात तुला उतारशाळेत जागा मिळाली नाही. आमच्या शहरातही कोणी जागा मागत फिरला, आणि तुझे नाव घेणाऱ्या घराने उद्या सांगतो म्हटले. आम्हाला क्षमा कर. आमच्या दारी जो येईल त्याला आजच हो म्हणण्याचे धैर्य दे. आमेन.